हिरवळीला वळसा

विलायतेतल्या बागा वसंतात बघाव्यात असं ज्यांनी ज्यांनी लिहून ठेवलंय, त्यांच्याबरोबर माझी आक्का नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'वकीलसाहेब एवढे विलायतेला जाऊन आले आणि नुसती कुरकुर करतात' असं पुढं कुणी म्हणायला नको. कुरकुरीला कारण आहे.

परत आल्यापासून टिळकवाडीतल्या आमच्या घरी संध्याकाळी कुणी ना कुणी येऊन बसतंच. कोर्टातली मंडळी येतात, शेजारचे मास्तर येतात, वडगावचे एक साडीवाले पक्षकार तर दोनदा येऊन गेले. सगळ्यांचं एकच विचारणं, बागा कशा होत्या? मी सांगतो, लांबून छान दिसत होत्या. मग लांबून का, असा पुढचा प्रश्न येतो, आणि मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. ते एकदाचं लिहूनच काढतो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, रत्नाक्का. आई लवकर गेली, तेव्हा मला हिनंच वाढवलं. अजूनही मला 'तम्मा' म्हणते, माझे केस पिकले तरी. निपाणीला तिची तंबाखूची वखार आहे. यजमान गेल्यावर भाऊबंदांनी 'बाईमाणसाला हे झेपायचं न्हाय' म्हणून वखार विकायला सांगितली, तर हिनं पदर खोचला आणि स्वतः गादीवर जाऊन बसली. एरवी मराठीत बोलते, पण फार चिडली किंवा मनाशी काही पक्कं केलं की कानडीत येते आणि एवढंच म्हणते, "साकु." म्हणजे पुरे. तिनं साकु म्हटलं की दलालसुद्धा भाव बोलायचे थांबतात.

तिचा एकुलता एक मुलगा भूपाल. पोरगं हुशार, म्हणून बॅरिस्टर व्हायला विलायतेला धाडलं. दोन वर्षं अभ्यास केला आणि मग काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, कायद्याची पुस्तकं बांधून ठेवली आणि एका खेड्यात कुणा बाईच्या बागेत कामाला लागला. बागेत! म्हणजे माळीच की हो. निपाणीत ही बातमी आली तेव्हा लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण वखारीत उगाचच चौकशीला येऊ लागले. आक्का महिनाभर गप्प होती. मग एके दिवशी बेळगावला आली आणि चहासुद्धा न घेता म्हणाली, "तम्मा, चल. पोराला घिऊन येऊ. ही वखार मी कुणाच्या पदरात टाकू?"

तर आम्ही गेलो ते बागा बघायला नव्हे. परतीच्या बोटीत तीन जागा आधीच सांगून ठेवल्या होत्या. इंग्रजी बोलायला आणि भांडायला म्हणून मी. बोटीचा प्रवास, त्यातलं ओकणं आणि लंडनचा धूर मी सांगत बसत नाही. ते सगळ्यांचं सारखंच असतं.

लंडनला भूपाल भेटायला आला. रापला होता, हात आमच्या गड्यांसारखे झाले होते. आईच्या पाया पडला. मी बोटीवर तयार केलेलं भाषण सुरू करणार, तोवर तो म्हणाला, "आई, मला आठवडाभराची रजा हाय. माझ्याबरोबर हितल्या बागा बघा. शेवटी मी काम करतो ती बाग बघा. मग तू चल म्हणालीस तर मी बोटीत बसतो, एक शब्द बोलणार न्हाय."

मी म्हणणार होतो की असले करार कोर्टात टिकत नाहीत. आक्का म्हणाली, "बरं." झालं! माझं कपाळ आणि विलायतेचा पाऊस.

सरे परगणा

आता आक्काच्या नेमाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. यजमान गेले त्या वर्षी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. त्यांच्यासमोर हिनं नेम घेतला, की गरज नसताना हिरव्यावर पाय ठेवायचा नाही. गवतातही जीव असतो, आणि त्या गवतात आणखी किती जीव असतात कोण जाणे. आम्हां जैनांत असे नेम नवे नाहीत. पण निपाणीत असा नेम पाळणं आणि विलायतेतल्या बागांत पाळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे बोटीत बसताना माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्या दिवसांत तिकडं एक पद्धत आहे. मोठ्या घरांचे मालक धर्मादायासाठी थोडे पैसे घेऊन आपली बाग लोकांना बघायला उघडतात. घर बंद आणि बाग उघडी! आपल्याकडं पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी देऊन आत बसवतात, परसात काय लावलंय ते कुणी विचारत नाही. तिकडं माणसाला पावसात तासभर हिंडवतात आणि दाराच्या आत घेत नाहीत.

पहिल्याच बागेत शिरलो आणि समोर हिरवळ. हिरवळ म्हणजे केवढी, तर आमच्या निपाणीचा सगळा बाजार त्यात मावला असता. सारवलेल्या अंगणासारखी एकसारखी. तिच्या पलीकडं पिवळ्या डॅफोडिलची फुलं हजारोंनी डुलत होती, आणि सगळे लोक सरळ हिरवळीवरून तिकडं चालले होते. आक्का थांबली.

"हे काय पेरलंय?" तिनं विचारलं.

"गवत," भूपाल म्हणाला.

"जनावरं किती हायत?"

"जनावरं न्हाईत, आई."

"मग कशाला?"

"बघायला."

आक्का त्या गवताकडं आणि मग मुलाकडं बघत राहिली.  डावीकडं खडीची वाट होती, ती सगळ्या बागेला वळसा घालून जात होती. ती त्या वाटेनं निघाली. तिच्या मागं भूपाल, त्याच्या मागं छत्री घेऊन मी. आक्काचं पाऊल म्हणजे वीत-दीड वीत, त्यात नऊवारी, त्यात बुटकी. ती चालायला लागली की तिच्या मागचं माणूस तरी चालतं की उभं आहे ते कळत नाही. आम्ही डॅफोडिलपाशी पोचलो तेव्हा बाकीचे लोक बघून परत निघाले होते.

दारावरचा म्हातारा साहेब धावत आला. मोठ्या अदबीनं मला म्हणाला, कृपा करून हिरवळीवरून चाला, ती चालण्यासाठीच आहे. आता मला सांगा, याला काय म्हणायचं? बेळगावच्या कॅम्पात साहेबांच्या बंगल्यापुढच्या हिरवळीवर पाय ठेवला म्हणून माझ्या वडिलांना शिपायानं हटकलं होतं. जन्मभर जिथं पाऊल टाकायला बंदी, तिथं खुद्द साहेब हात जोडून 'चाला' म्हणतोय, आणि आमची आक्का नको म्हणतेय!

मी एकटा गेलो असतो. गेलोही. चार पावलं टाकून मागं बघितलं तर आक्का डोळे मिटून उभी होती. आलो परत.

संध्याकाळी मी तिला म्हणालो, "आक्का, शिवारच्या शिवार तंबाखू कापून वाळवतेस, तेव्हा जीव नसतात त्यात?"

"असत्यात की. ते पोटासाठी. हे चैनीसाठी," ती म्हणाली. "पोटासाठी लागलेलं पाप देवापुढं सांगता येतंय रं. चैनीचं कोणत्या तोंडानं सांगू?"

 मी जेवायला बसलो.

केंट

जेवण हा तर दुसरा ताप. आक्का सूर्य मावळल्यावर खात नाही, उगवल्याशिवाय खात नाही, आणि जमिनीखालचं काही खात नाही. विलायतेत सूर्य दिसत नाही आणि जमिनीवरचं काही शिजवत नाहीत. आम्ही उतरलो होतो तिथली घरमालकीण भली बाई होती, पण तिच्या हातून बटाटा सुटेना. मांसाबरोबर बटाटा, वाटाण्याबरोबर बटाटा, आणि मी 'बटाटा नको' म्हणालो तर दुसऱ्या दिवशी गाजर.

शेवटी आक्कानं बरोबर आणलेला स्टोव्ह काढला, ज्वारीचं पीठ काढलं आणि खोलीत भाकरी थापायला घेतली. थापण्याचा आवाज ऐकून मालकीण वर आली. मग न्हाणीघरातल्या नळाला पाणी गाळायचं फडकं बांधलेलं तिनं पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. आमचं पाणी घाण आहे का, असं तिनं मला विचारलं. मी सांगितलं की बाई, आमचं बेळगावचं पाणीही आम्ही असंच गाळतो. तिला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तीन वेळा नळ घासलेला मी पाहिला.

आणि तो सूर्य! वसंतात तिकडं आठ वाजेपर्यंत उजेड असतो. मी खूश होतो, म्हटलं चला, बागेतून निवांत येऊन जेवता येईल. पण आभाळ कायम भरलेलं. आक्का चार वाजल्यापासून विचारायला लागायची, सूर्य कुठं आला? मी वर्तमानपत्र दाखवलं, त्यात सूर्यास्ताची वेळ छापलेली असते. तिनं ते बाजूला सारलं. "छापलेला सूर्य मला चालत न्हाय," म्हणाली. मग चारलाच जेवण उरकायचं. म्हणजे चारच्या आत परत यायचं. म्हणजे बागा धावत बघायच्या, आणि धावायचं कुणाच्या मागं, तर आक्काच्या पावलांच्या मागं.

केंटातली बाग चेरीच्या झाडांची होती, पांढरीशुभ्र. पायथ्याशी गवतात बारकी पिवळी रानफुलं. सुंदर होती, नाही म्हणत नाही. पण झाडं सगळी गवतात, आणि आम्ही कुंपणाच्या वाटेवर. भूपाल मात्र गेला आत. त्याला कसला नेम नव्हता. एका झाडापाशी गुडघे टेकून बसला, मूठभर माती उचलली, चोळली, हुंगली आणि तिथल्या माळ्याशी बोलत बसला. घरी चार शब्द बोलत नाही असं पोरगं, तिथं त्याचं तोंड थांबेना.

मी आक्काला फुलं दाखवत होतो. बघ तरी, एवढ्या लांबून आलीस. ती फुलांकडं बघतच नव्हती. तिची नजर पोरावर. मला असा राग आला म्हणून सांगू! समुद्र ओलांडून आलो आणि ही बघतेय काय, तर आपलाच मुलगा माती हुंगताना. ते काय निपाणीत दिसलं नसतं? मग लक्षात आलं, खरंच दिसलं नसतं. निपाणीत त्याला मातीला हात कुणी लावू दिला नाही.

ससेक्स

ससेक्समधली बाग एका निवृत्त कर्नलची. हे कर्नल पूर्वी हिंदुस्थानात होते, म्हणून आम्हाला बघून त्यांना उमाळा आला. त्यांनी आम्हाला डोंगरउतारावर नेलं. लाल, गुलाबी, जांभळ्या फुलांची झाडं, घराएवढी उंच. रोडोडेंड्रॉन म्हणतात त्यांना. कर्नल अभिमानानं सांगत होते, ही सिक्कीमची, ही भूतानची, ही नेपाळच्या डोंगरातली. म्हणजे आमच्याच हिमालयातली झाडं. ती नेली, लावली, त्यांना पाट्या लावल्या, आणि आता मला चिखलात उभं करून दाखवत होते, की बघा काय दुर्मिळ आहे. मी तोंडानं 'वा, वा' म्हणत होतो. दुसरं काय म्हणणार? उतारावरची वाट दगडी होती, तेवढी तरी आक्काला चालली.

मग कर्नलच्या बायकोनं चहाला बोलावलं. ह्या बाईचं मन मोठं होतं, ते कबूल करायला हवं. पण टेबल मांडलेलं कुठं? हिरवळीच्या बरोबर मधोमध. पांढरी चादर, वेताच्या खुर्च्या, चांदीची किटली. आक्का खडीवर उभी, टेबल लांब, आणि मध्ये बाई हात करून बोलावतेय.

मी जाऊन सांगायला लागलो. धर्म, जीव, नेम, सगळं इंग्रजीत. बाईला वाटलं, आक्काला हिरवळ खराब होईल अशी भीती वाटते. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, असा पाहुणा मी जन्मात पाहिला नाही, आमचेच लोक टाचांनी भोकं पाडतात. मी म्हटलं तसं नव्हे. पण तोवर कर्नल, भूपाल आणि स्वयंपाकीण मिळून टेबल उचलून खडीवर आणत होते. किटली सांडली. चादर ओढली गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बरं, एवढं करून आक्कानं काय खाल्लं? केकमध्ये अंडं. पाव कुठं भाजला ठाऊक नाही. बाईनं घरच्या मधमाश्यांचा मध पुढं केला, तर आक्कानं हात मागं घेतला. आम्ही मध खात नाही. शेवटी गेल्या सालचं जपून ठेवलेलं एक सुरकुतलेलं सफरचंद मिळालं. आक्कानं ते बारीक कापून, नीट निरखून खाल्लं, आणि मग कर्नलच्या बायकोचा हात धरून मराठीत म्हणाली, "बाई, तुमच्या लेकरांना सुखी ठेवंल देव." मी ते इंग्रजीत सांगितलं तर बाई म्हणाली, मला मुलं नाहीत. आक्कानं मान हलवली. म्हणाली, "म्हणून एवढी झाडं."

परतीच्या मोटारीत मी ठरवलं की आता तरी बोलायचंच. भूपाल पुढं ड्रायव्हरशेजारी होता. मी आक्काला म्हणालो, बघितलंस ना? एवढी जमीन, एवढं पाणी, एवढे गडी, आणि पिकतंय काय? चिमूटभर नाही. ह्या चैनीसाठी तुझा मुलगा वखार सोडून आलाय. उद्या त्याची बाग बघ, 'चल' म्हण, आणि मोकळी हो.

आक्का काचेबाहेर बघत होती. "व्हय," म्हणाली. "चैनच हाय ही." मला त्या रात्री चांगली झोप लागली.

ग्लॉस्टरशर

भूपाल काम करत होता ती बाग लहान होती. घर पिवळसर दगडाचं, भिंतीवर जांभळ्या घोसांचा वेल. मालकीण म्हणजे एक म्हातारी विधवा, हातात काठी, अंगात पुरुषी कोट, गुडघ्यांना चिखल. बेळगावात साहेबाच्या मडमेला मी घोड्यावर किंवा मोटारीतच पाहिलंय. ही स्वतः वाफ्यात बसून गवत उपटत होती. आम्हाला बघून उठली आणि पहिलं वाक्य काय बोलली, तर भूपालची तक्रार. मी म्हटलं, चला, आपल्या बाजूचा साक्षीदार मिळाला.

म्हणाली, तुमचा भाचा कामाला चोख आहे, पण त्यानं माझी हिरवळ बिघडवली. दोन हिवाळे काम केलं, पगाराबद्दल कधी बोलला नाही; एवढंच मागितलं, की हिरवळीतून दगडांची वाट घालू द्या. मी हो म्हटलं आणि आता पस्तावतेय. तुम्हीच चालून बघा!

हिरवळीच्या मधून खरंच दगडांची वाट होती. चपटे पिवळे दगड गवतात बसवलेले, घराच्या पायरीपासून पार टोकाच्या भिंतीपर्यंत, जिथं भूपालनं लावलेला फुलांचा ताटवा होता. मी चालायला लागलो. पण ते दगड काय ठेवले होते! इतके जवळजवळ, की एकेकावर पाय टाकावा तर बदकासारखं चालावं लागे, आणि एक सोडून टाकावा तर ढांग पडे. दुसऱ्याच दगडावर माझा बूट अडकला, चौथ्यावर मी आपटलो. गुडघा फुटला आणि विजारीला भोक पडलं. मालकीण मागून म्हणाली, बघितलंत? सगळे असेच पडतात. मी किती वेळा म्हटलं, दगड उपटून लांब लांब लाव. हा ऐकत नाही. कारण विचारलं तर सांगत नाही.

मी गवतात बसून गुडघा चोळत होतो आणि मनात भूपालला नाही नाही ते बोलत होतो. बॅरिस्टर व्हायचं सोडून आला तो आला, दगड तरी धड लावायचे होते. तेवढ्यात आक्का पायरीवरून उतरली.

पहिल्या दगडावर तिचं पाऊल पडलं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. तिनं खाली बघितलंसुद्धा नाही. निपाणीच्या बाजारातून वखारीकडं जाते तशी, पदर सावरत, त्याच त्या बारक्या पावलांनी ती चालत गेली, आणि एकही दगड तिला जवळ पडला नाही की लांब पडला नाही. आठवडाभर ज्या पावलांच्या मागं मी रडतखडत चाललो होतो, तीच ती पावलं. मी चोळायचा थांबलो. मालकीण काठी टेकून बघत राहिली. तिला काय कळलं ते तिचं तिला ठाऊक.

आक्का मध्यावर जाऊन थांबली. पायाखालच्या दगडाकडं बघितलं, मग पुढच्या, मग मागच्या. दोन्ही बाजूंना गवत, आणि ती मधोमध कोरडी उभी.

"हे कवा केलंस?" तिनं विचारलं.

"गेल्या थंडीत," भूपाल म्हणाला. तो गवताच्या कडेला उभा होता.

"तवा मी येणार हे कुठं ठरलं हुतं?"

"न्हवतं ठरलं." तो मान खाली घालून बोलत होता. "पर आली असतीस तर चालली कुठनं असतीस?"

आक्का तशीच पुढं गेली, टोकाला पोचली. ताटव्यात काय काय फुललं होतं त्यांची नावं मला सांगता येणार नाहीत. निळं होतं, पांढरं होतं, आणि एका कडेला कसलासा लालसर कोंब वर आला होता. आक्का वाकली आणि पहिल्यांदाच, आख्ख्या विलायतेत पहिल्यांदाच, तिनं फुलं बघितली. एकेका वाफ्यापाशी थांबून बघितली. भूपाल शेजारून सांगत होता, हे कधी लावलं, हे कुठून आणलं, हे दोनदा मेलं आणि तिसऱ्यांदा जगलं. ती नुसती हं हं करत होती.

मी लंगडत तिथं गेलो. वेळ आली होती. म्हणालो, भूपाल, झालं तुझं म्हणणं? आता माझं ऐक. तुझ्या आईचं वय झालं. वखार आहे, जमीन आहे, माणसं आहेत. इथं दुसऱ्याच्या...

"साकु," आक्का म्हणाली.

मी थांबलो.

"तम्मा, ह्याला मी न्यायला आलतो. आता न्यायचा न्हाय."

"अगं, पण तूच काल म्हणालीस ना, चैन आहे म्हणून?"

"त्या कर्नलाची चैन हाय," ती म्हणाली. "ह्याचं प्वाट हाय. मी वखार का सोडली न्हाय? तसंच." मग पदरानं डोळे पुसले आणि पोराला म्हणाली, "वाळलास रं. जेवतोस का न्हाय वेळंवर?"

काय सांगू! आठवडाभर वळसे घातले, टेबलं उचलली, चारला जेवलो, गुडघा फोडून घेतला, तीन जागा सांगून ठेवल्या, आणि खटल्याचा निकाल पक्षकारानंच फिरवला. मी चिडलो होतो, खरंच चिडलो होतो, म्हणूनच तोंड फिरवून त्या भिंतीकडं बघत उभा राहिलो. नाहीतर माझे डोळे बघून दोघांना वाटलं असतं की मी त्यांच्या बाजूचा झालो.

निघायच्या दिवशी पाऊस पडून गेला होता. फाटकाकडची वाट वाळूची. भूपाल पेटी घेऊन लांब ढांगा टाकत पुढं चालला होता, ओल्या वाळूत त्याची पावलं उमटत होती, मागं आक्का. ती मध्येच वाकली. पुन्हा थोडं पुढं जाऊन वाकली. काही पडलं का म्हणून विचारलं तर "काय न्हाय" म्हणाली. मोटारीत बसली तेव्हा बघतो तर पदराला दोन गाठी. बाईमाणसं नवसाच्या गाठी मारतात, तशातलं काहीतरी असेल म्हणून मी विचारलं नाही. परतीच्या बोटीत तिसरा बिछाना रिकामा होता. आक्कानं त्यावर स्टोव्ह ठेवला.

निपाणी

परवा कामासाठी निपाणीला गेलो होतो. वखारीच्या मागच्या परसात पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत माजतं, आणि आक्का वर्षानुवर्षं मागच्या फाटकातून घरात यायचं तर कुंपणाच्या कडेनं लांबून येते. ह्या खेपेला फाटक उघडलं आणि बघतो तर गवताच्या मधून दगडांची वाट. आमचे साधे काळे दगड, घडवून बसवलेले, फाटकापासून थेट घराच्या पायरीपर्यंत.

मी पाय टाकला आणि पुन्हा तेच! दगड इतके लांब लांब, की एकावरून दुसऱ्यावर जायला जवळजवळ उडी मारावी लागे. वखारीतले गडी वैतागलेले. एक हमाल मला म्हणाला, "साहेब, आक्कांना सांगा की वं जरा. पोतं घिऊन ह्येच्यावरनं चालायचं कसं? गवंडी तरी काय करणार, आक्कांनी लुगड्याच्या पदराच्या दोन गाठींमधलं अंतर मोजून दिलं."

तेवढ्यात आक्का वखारीतून आली. ह्या वयात, एवढी बुटकी बाई, लुगडं दोन्ही हातांनी वर धरून एका दगडावरून दुसऱ्यावर उड्या मारत येत होती. धापा टाकत माझ्यापुढच्या दगडावर उभी राहिली. मी म्हणालो, आक्का, अगं तुझं पाऊल केवढं, हे दगड केवढ्यावर! पडलीस तर हाड मोडेल. मध्ये एकेक दगड आणखी घालून घे.

"न्हाय," ती म्हणाली. "आल्यावर त्यो चालंल कुठनं?"

मी धोतर वर धरलं आणि उडी मारली.